मामाच्या शेडमधलं विमान – पुण्यातले चार दिवस

परत येऊन आठ दिवस झाले तरी कानातून तो आवाज जात नाहीये म्हणून आता लिहून काढते. रत्नागिरीहून पुण्याला आम्ही दरवर्षीच जातो, मामाकडे, पण या वेळचं कारण वेगळं होतं. मामा (वय 78, एअर फोर्समधून निवृत्त, इंजिन फिटर) आणि त्याचे काही मित्र गेली तीन वर्षं एक जुनं गस्ती विमान दुरुस्त करतायत आणि जानेवारीत त्याची दोन्ही इंजिनं एकत्र चालू करून बघणार होते. मामाने फोनवर एवढंच सांगितलं, "पोराला घेऊन ये, चार दिवस काढून ये." मामा असं कधी म्हणत नाही. मग शाळेला सुट्टी टाकली आणि मी आणि माझा अकरा वर्षांचा लेक बुधवारी रात्रीच्या एसटीने निघालो.

दिवस पहिला, गुरुवार

पहाटे स्वारगेटला उतरलो तर थंडी एवढी की कोकणातल्या माणसाने दोन स्वेटर घालावेत. स्टँडबाहेर अमृततुल्यचा चहा, लेकाला क्रीमरोल, आणि रिक्षाने धानोरी. मामाचं घर लोहगाव विमानतळाच्या इतकं जवळ आहे की सकाळी सुखोई उडालं की खिडकीच्या काचा थरथरतात. मामी भाजी निवडताना मान वर पण करत नाही. मामा मात्र दर वेळी दारात येऊन आकाशात बघतो, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी.

चहा पिताना लेकाने विचारलं की तू कुठलं विमान उडवायचास, तर मामा म्हणाला, "उडवायचो नाही रे. उडण्यासारखं ठेवायचो." आणि मग तो सुरू झाला.

इथे थोडं सांगायला हवं कारण पुण्यात राहणाऱ्या बऱ्याच जणांनाही हे माहीत नसतं. लोहगाव म्हटलं की सगळ्यांना लढाऊ विमानं आठवतात, पण 1951 पासून इथे एअर फोर्सचं सहा नंबरचं स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) होतं आणि त्यांचं काम होतं समुद्रावर गस्त घालायचं. समुद्र पुण्यात नाही पण विमानाला त्याचं काय, अर्ध्या तासात अरबी समुद्र. त्यांच्याकडे लिबरेटर होती, चार इंजिनांची अमेरिकन बॉम्बर. दुसरं महायुद्ध संपल्यावर ही विमानं कानपूरला भंगारात पडलेली होती, परत कुणी वापरू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून. बंगळूरच्या एचएएल या विमान कारखान्याच्या लोकांनी त्यातून 42 विमानं उभी केली. जमशेद मुन्शी नावाचे टेस्ट पायलट ती कानपूरहून बंगळूरला उडवत न्यायचे, तिथे पूर्ण दुरुस्ती व्हायची आणि मग एअर फोर्सला मिळायची. 1968 पर्यंत ती चालली. आज जगातल्या संग्रहालयांत जी मोजकी लिबरेटर उरलीयत त्यातली कितीतरी आपल्याकडून गेलेली आहेत, ब्रिटनच्या हवाई दलाच्या आरएएफ म्युझियमला 1974 मध्ये आपण भेट दिलं, कॅनडात ओटावाला आहे, अमेरिकेत अॅरिझोनात आहे. मामा हे सांगताना बोटं मोजत होता, लांब दिलेल्या लेकींची सासरं सांगावीत तसा.

मामा 1966 मध्ये भरती झाला, चेन्नईजवळ तांबरमला ट्रेनिंग, मग पुणे. लिबरेटर त्याने शेवटचं वर्षभर पाहिली, त्याची खरी नोकरी झाली सुपर कॉन्स्टेलेशनवर. एअर इंडियाने वापरून झाल्यावर एअर फोर्सला दिलेली ही विमानं, तीन शेपट्यांची. 71 च्या युद्धात हीच अरबी समुद्रावर गस्त घालत होती. एका इंजिनाला 18 सिलेंडर, प्रत्येक सिलेंडरला दोन स्पार्क प्लग, इंजिनं चार. लेकाने लगेच वहीत गुणाकार केला, 144 प्लग! "आणि सगळे काढून साफ करून परत बसवायचे, उन्हात," मामा म्हणाला. 1976 मध्ये ती नौदलाकडे गेली. (टीप: त्यातलं एक आजही गोव्यात दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात उभं आहे. गोव्याला जाणार असाल तर समुद्रातून एक सकाळ काढून जरूर बघा.)

दुपारी शेडवर गेलो. शेड वाघोलीच्या पलीकडे आहे, नेमकी जागा लिहू नको असं सगळ्यांनी बजावलंय कारण मागे एकदा रविवारी दीडशे लोक आले आणि शेजारच्या शेतातला हरभरा तुडवला गेला. ही मुळात कांद्याची चाळ होती. ज्या शेतकरी दादांची आहे ते स्वतः या कामात आहेत.

आत विमान. माझ्या डोक्यात मामाच्या गोष्टींमुळे काहीतरी अवाढव्य होतं, हे लहान निघालं. ब्रिटन-नॉर्मन आयलंडर, दोन इंजिनांचं, पंख वरती, चाकं आत न जाणारी. आपल्या नौदलाने 1976 पासून कोचीहून किनाऱ्याच्या गस्तीसाठी ही वापरली. निवृत्त झाल्यावर हे एक भंगाराच्या लिलावातून दोन-तीन हात फिरत इथवर पोचलं. डाव्या पंखाचं टोक नाही, आतल्या खुर्च्या नाहीत, रंग उडालेला. हे उडणार नाही, उडवायचा कुणाचा विचारही नाही आणि ते सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून मान्य केलंय. फक्त जमिनीवर इंजिनं चालवायची.

मी मनात म्हणलं, मग कशाला? ते रविवारी कळलं.

माणसं सांगते. एक नौदलाचे निवृत्त चीफ, मूळचे मालवणचे, यांनी कोचीत याच जातीच्या विमानांवर वर्षानुवर्षं काम केलंय, सगळे त्यांना चीफच म्हणतात. भोसरीत छोटं वर्कशॉप असलेले लेथवाले काका. एसटीच्या डेपोतून रिटायर झालेले एक मेकॅनिक अण्णा. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई, त्यांनी आतलं सगळं वायरिंग रंगांप्रमाणे नव्याने ओढलंय, आणि इंजिनिअरिंगची तीन पोरं, दोन मुलं एक मुलगी. पगार कुणालाच नाही. वर्गणी आहे, ज्याला जमेल तशी.

दिवस दुसरा, शुक्रवार

सकाळी घोरपडीचं वॉर मेमोरियल केलं. पुणेकरांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं, 1998 मध्ये सुरू झालं. मिग-23 विमान आहे, आयएनएस त्रिशूलची प्रतिकृती आहे, लहान मुलांना खूप आवडतं. तास-दीड तास पुरतो, सकाळीच जा, दुपारी सावली कमी.

मग मामाबरोबर खरेदी. पुण्यात विमान दुरुस्त करायचं तर सामान कुठे मिळतं? बोहरी आळी आणि तपकीर गल्ली! बोहरी आळीत होज क्लिपा आणि रबरी नळी घेतली (इंधनाच्या लाइनला नाही हं, ती वेगळी येते, ही फक्त ड्रेनच्या ट्रेसाठी), तपकीर गल्लीत तांब्याचे लग आणि एक छोटा बझर. बझर कशाला ते मामाने सांगितलं नाही, "लागेल" म्हणाला. दुकानदाराला माहितीय हे विमानवाले आजोबा, त्याने बझरचे पैसे घेतले नाहीत आणि वर विचारलं, "चालू कधी होणार ते?" जुने इंची पाने मात्र मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळतात, बुधवारी आणि रविवारी भरतो. (टीप: या भागात गाडी घेऊन जाऊ नका, रिक्षाने जा आणि पायी फिरा.)

दुपारी शेडवर कॉम्प्रेशन टेस्ट होती आणि हा भाग लेकाच्या आयुष्यातला सगळ्यात भारी तास असावा. प्रत्येक सिलेंडरमध्ये प्लगच्या भोकातून 80 पौंडाच्या दाबाने हवा सोडायची आणि आत किती टिकते ते दुसऱ्या घड्याळावर बघायचं. हवा सुटतेच, प्रश्न कुठून सुटते हा. एक्झॉस्टच्या नळीतून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेलाच्या झाकणातून आला तर पिस्टनच्या रिंगा. म्हाताऱ्यांचे कान आता साथ देत नाहीत म्हणून लेकाला नळीला कान लावायला बसवला. डोळे मिटून ऐकायचा आणि सांगायचा, "इथून नाही... इथून येतोय, तेलाकडून." बहुतेक सिलेंडर सत्तरच्या वर, उजव्या इंजिनाचा पाच नंबर 64. चीफ म्हणाले, "चालतंय, गरम झाल्यावर रिंग बसेल."

या इंजिनांची मोठी भीती गंजाची. लायकॉमिंगची सहा सिलेंडरची इंजिनं आहेत, 260 हॉर्सपॉवरची, सिलेंडर समोरासमोर आडवे. यात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वरच्या बाजूला असतो, इंजिन बंद पडून राहिलं की तेल सगळं खाली उतरतं आणि कॅमशाफ्ट कोरडा पडतो. त्यात या विमानाने आयुष्य काढलं समुद्रावर, खाऱ्या हवेत. चीफ सांगत होते की कोचीत गस्तीवरून परत आलं की गोड्या पाण्याने धुवायचो, आंघोळ घातल्यासारखं. उजव्या इंजिनाच्या कॅमवर गंज होताच, ते पूर्ण उघडावं लागलं, त्यातच दीड वर्ष गेलं.

आणि मग संध्याकाळी साडेपाचला हत्यारं मोजताना एक पाना कमी.

इथे भिंतीवर मोठा फळा आहे, त्यावर प्रत्येक हत्याराची रंगाने आकृती काढलीय. काम सुरू करताना मोजायची, संपताना मोजायची. साडेतीन सूत रिंग पान्याची जागा रिकामी होती. एसटीवाले अण्णा सूतातच बोलतात, पोरं सात सोळांश म्हणतात, दोन्ही एकच. बाहेर अंधार पडत होता, मला वाटलं उद्या शोधतील. कुणी घरी गेलं नाही. कॉव्हलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आत, चाकांखाली, चहाच्या पिशवीत, सगळीकडे बॅटऱ्या मारून शोधाशोध. कुणी कुणाला बोललं नाही, आवाज चढवला नाही. पावणेदोन तासांनी ती इंजिनिअरिंगची मुलगी शिडीवर चढली आणि पंखावर, इंजिनाच्या मागे तिला तो मिळाला. तिनेच ठेवलेला. रडवेली झाली होती. चीफ फक्त म्हणाले, "मिळाला ना, वहीत लिही, वेळ पण लिही." घरी जाताना मामाने लेकाला सांगितलं की एखादा पाना पंख्याच्या पात्यात गेला किंवा कंट्रोलच्या तारेत अडकला तर वर गेलेली माणसं परत येत नाहीत, म्हणून आम्हाला हीच सवय आहे, विमान उडो न उडो.

दिवस तिसरा, शनिवार

आजच चालू करायचं होतं. डावं इंजिन पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच पकडलं, दोन मिनिटं चालवून बंद केलं. उजवं काही होईना. स्टार्टर फिरतोय, पातं फिरतंय, आत काही नाही. तीनदा केलं आणि मामाने हात वर करून थांबवलं, स्टार्टर तापतो म्हणून.

मग मामाने एक साधी गोष्ट केली. सगळे स्विच बंद आहेत ना, मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी पुरवणारं यंत्र) अर्थिंग नीट आहे ना हे दोनदा तपासलं आणि पातं हाताने हळूहळू फिरवलं. (हे कुणी कधी कुठल्या विमानाला गंमत म्हणून करू नका, बंद इंजिनही पेटू शकतं आणि पातं हात तोडतं.) "ऐका," म्हणाला. डाव्या इंजिनाला फिरवताना एका जागी टक्क असा आवाज येतो, मॅग्नेटोमधली एक स्प्रिंग सुटण्याचा. सुरू होताना इंजिन हळू फिरतं, तेव्हा ही स्प्रिंग मॅग्नेटोला एकदम झटका देते आणि ठिणगी जोरात आणि थोडी उशिरा पडते. उजव्या इंजिनाला तो टक्क नव्हताच.

मॅग्नेटो उतरवला, आतला खटका जुन्या तेलाने चिकटून बसलेला. सफाई करायला तास, पण परत बसवताना पिस्टन वर पोचायच्या बरोबर 25 अंश आधी ठिणगी पडायला हवी आणि मॅग्नेटोचे पॉइंट (आतले विजेचे संपर्क) नेमके कधी उघडतात हे डोळ्याने दिसत नाही. तेव्हा मामाने खिशातून तपकीर गल्लीतला बझर काढला. दोन वायरी, एक सेल, पॉइंट उघडले की आवाज बदलतो. साठ वर्षांपूर्वी तांबरमला शिकलेली गोष्ट, कांद्याच्या चाळीत बसून तीन पोरांना शिकवली, आणि मग त्या मुलीकडूनच करून घेतली, स्वतः हात मागे बांधून उभा राहिला.

रात्री शेतकरी दादांनी हुरडा ठेवला होता. गोवऱ्यांच्या आगट्यात भाजलेली कणसं, हातावर चोळून गरम दाणे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. जानेवारीत पुण्याजवळ असाल तर हुरडा सोडू नका, जाताना शाल घ्या. शेकोटीपाशी मामाने मोबाईलवर इंग्लंडमधल्या शॅकलटनचे व्हिडिओ दाखवले. तेही सागरी गस्तीचं विमान, चार ग्रिफॉन इंजिनं, प्रत्येकाला एकामागे एक उलट दिशेने फिरणारे दोन पंखे. ब्रिटिश हवाई दलाने ती 1951 पासून 1991 पर्यंत वापरली आणि त्यातल्या एकाची इंजिनं तिकडच्या स्वयंसेवकांनी अशीच जमिनीवर चालू केलीयत. त्यातले बरेच जण मामाच्याच वयाचे दिसतात. मामा तो व्हिडिओ आवाज पूर्ण वाढवून ऐकतो, डोळे बंद करून.

दिवस चौथा, रविवार

सकाळी सातला शेडवर. धुकं होतं, ज्वारीच्या पानांवर दव. आधी सगळ्यांनी मिळून जमीन झाडली, खराट्याने, एकेक खडा उचलून, कारण पंखा खडे ओढून घेतो आणि पात्याला खाच पडते. मग टँकरने पाणी शिंपडलं. शेजारच्या शेळ्या बांधून घातल्या. चाकांना रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे ठोकळे लावले, शेपूट जमिनीत पुरलेल्या काँक्रीटच्या कडीला तारेच्या दोराने बांधलं. विमानाचं तोंड वाऱ्याकडे, ही इंजिनं हवेवर थंड होतात म्हणून. बॅटरी 24 व्होल्टची लागते, त्यासाठी ट्रकच्या दोन बॅटऱ्या जोडल्या. अण्णा आणि एक मुलगा आग विझवायचे सिलेंडर घेऊन दोन बाजूंना. इंधन एव्हगॅस, फिकट निळं असतं. आम्हाला दोरीच्या मागे, कानाला मफ. लेकाच्या कानात मी मफच्या आत कापूस पण घातला.

डाव्या सीटवर मामा बसला. चीफ समोर उभे, हाताच्या खुणा करायला. मामाने खिडकीतून ओरडून सांगितलं, "क्लिअर प्रॉप!" आणि चीफनी दोन्ही बाजूंना बघून अंगठा वर केला.

डावं इंजिन लगेच सुरू झालं. मग उजवं. पातं फिरलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा फट करून निळा धूर आला आणि थांबलं. सगळे गप्प. परत. पाचव्या फेरीला एक सिलेंडर पेटला, मग दुसरा, अडखळत अडखळत, आणि मग एकदम सगळे सहा एका सुरात आले. तो आवाज कानाने नाही ऐकू येत, छातीत येतो. ज्वारी मागे पूर्ण आडवी झाली. शाळेतल्या बाई तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. तेलाचा दाब तीस सेकंदांत आला नाही तर लगेच बंद करायचं असतं, मामाने बोटाने दाखवलं, आला. मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांवर गरम होऊ दिलं, मग 2100 पर्यंत चढवलं आणि प्रत्येक इंजिनाच्या दोन मॅग्नेटोंपैकी एकेक बंद करून बघितला. एका मॅग्नेटोवर फेरे थोडे पडतातच, 175 च्या आत हवेत. चीफनी पाटीवर खडूने लिहून वर धरलं: डावं 90, 110. उजवं 120, 100. ती इंजिनिअरिंगची मुलगी उड्या मारत होती कारण 120 वाला मॅग्नेटो तिने बसवलेला.

मी मामाकडे बघत होते. आम्ही लहान असताना मामा सुट्टीवर यायचा तेव्हा सगळे विचारायचे, तू उडतोस का? आणि तो नाही म्हणायचा आणि विषय संपायचा. विमान तयार करून द्यायचं, पायलट घेऊन जाणार, रात्री परत येईपर्यंत आभाळाकडे बघत बसायचं, आलं की परत उघडायचं. हे अकरा मिनिटं मात्र ते विमान कुणी घेऊन जाणार नव्हतं. त्याच्याच हातात होतं. शुक्रवारी-शनिवारी थकलेला दिसायचा, इथे पाठ ताठ आणि दोन्ही हात थ्रॉटलवर इतके हलके की ताक घुसळणाऱ्या आजीची आठवण आली.

मिक्स्चरचा (इंधन तोडणारा) दांडा मागे ओढला, इंजिनं थांबली, आणि शांततेत फक्त तापलेल्या धातूचं टिक टिक. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे आधी इंजिनाखाली वाकले, कुठे गळतंय बघायला! उजव्या इंजिनाच्या तीन नंबरच्या रॉकर कव्हरमधून (सिलेंडरच्या डोक्यावरचं झाकण) तेलाची धार. मामा उतरला, वही मागितली, लिहिलं: "उजवे 11 मि., डावे 14 मि., रॉकर कव्हर 3, गास्केट बदलणे." मग पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा, विमानाच्या पंखाच्या सावलीत. त्याआधी हत्यारं मोजली. सगळी होती.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी: लोहगाव भागात विमानतळाच्या दिशेने फोटो काढू नका, संरक्षण खात्याची जागा आहे. आणि घरात असं कुणी जुनं हवाई दल, नौदल, एसटी, रेल्वेतलं माणूस असेल तर त्यांना इंजिनाबद्दल विचारा, मेडलबद्दल नंतर.

बुधवारी मामाचा फोन आला. गास्केट भोसरीच्या काकांनी कापून दिलं, बसवलं, आता गळत नाहीये. मग थोडा वेळ काही बोलला नाही आणि म्हणाला, "पुढच्या वेळी आईला आण. 66 साली रत्नागिरी स्टँडवर मला सोडायला आली तेव्हा अकरा वर्षांची होती, ओंजळभर जांभा दगड खिशात घालून दिला होता वेडीने. तिने माझं एकही इंजिन ऐकलेलं नाही."

पुढचं रन पाडव्याच्या आठवड्यात आहे. आई गुडघे दुखतात म्हणत होती, पण काल रात्री स्वतःच विचारलं की एसटीला खिडकीची सीट मिळेल का. तीन तिकिटं काढलीयत.